बिऱ्हाड पाठीवर घेतलेली शाळा



जून जवळ आला की चर्चच्या कार्यालयाबाहेर दाखल्यांसाठी रांग लागते. कुणाला मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला शाळेसाठी शिफारसपत्र. मुलगा कॅथलिक शाळेतच गेला पाहिजे याविषयी कोणाचे दुमत नसते. मात्र 'कॅथलिक शाळा म्हणजे नेमके काय?' असा प्रश्न केला की शिस्त, इंग्रजी आणि दहावीचा निकाल अशी तीन उत्तरे मिळतात. तिन्ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु आज ती अनेक बिगरख्रिस्ती शाळांनाही लागू पडतात. मग आपल्या शाळेचे वेगळेपण कशात आहे? इमारतीवरच्या क्रुसात? संताच्या नावात? मुख्याध्यापकांच्या पांढऱ्या झग्यात?

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आज मी एक दूरची शाळा निवडली आहे. इंग्लंडमधल्या कॅथलिक मुलांसाठी येशूसंघीय धर्मगुरूंनी ती १५९३ साली काढली, परंतु पहिली दोनशे वर्षे ती इंग्लंडबाहेरच होती. ती तीन वेळा उठली, चार ठिकाणी नांदली आणि आज उत्तर इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात 'स्टोनीहर्स्ट कॉलेज' या नावाने उभी आहे. (नावात 'कॉलेज' असले तरी ती शाळाच आहे.) विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तशी ही शाळा. जिच्यापाशी आपली म्हणावी अशी इमारत फार काळ टिकली नाही, ती शाळा टिकली कशावर, हे पाहण्यासारखे आहे.

कायदा आणि दोरखंड

पहिली एलिझाबेथ १५५८ साली इंग्लंडच्या गादीवर आली. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि राणी ही इंग्लंडच्या ख्रिस्तसभेची सर्वोच्च अधिकारी ठरली. पवित्र मिस्सा बेकायदा झाली. सुरुवातीला दंड सौम्य होते, पण पुढे फास आवळत गेला. १५८१ च्या कायद्याने सरकारी चर्चमधील उपासनेला न जाणाऱ्यास दरमहा २० पौंड दंड बसवला. घरी कॅथलिक शिक्षक ठेवला तर दरमहा १० पौंड दंड आणि त्या शिक्षकाला वर्षभर तुरुंग. १५८५ च्या कायद्याने परवान्याशिवाय मुलाला परदेशी पाठवणाऱ्या पालकाला १०० पौंड दंड ठेवला; परदेशात दीक्षा घेऊन मायदेशी परतलेला धर्मगुरू तर थेट राजद्रोही. त्या काळी साध्या मजुराची वर्षभराची कमाई १० पौंडांच्या आतबाहेर असे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. मुलाला घरी शिकवाल तर दंड, बाहेर पाठवाल तर दंड. राज्यकर्त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. श्रद्धा मोडायची तर म्हाताऱ्यांच्या मागे लागून उपयोग नाही. शाळा बंद करावी, एका पिढीत काम होते.

याच काळात इंग्लंड सोडून गेलेला एक तरुण आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. थॉमस स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, १५७९ साली गोव्यात उतरले आणि त्यांनी आपल्या मराठी भाषेला 'ख्रिस्तपुराण' दिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स पूर्वेला आले, त्यानंतर वर्षभरातच, १५८० साली, त्यांचेच दोन देशबांधव वेष पालटून उलट दिशेने इंग्लंडमध्ये शिरले. एक एडमंड कॅम्पियन, दुसरे रॉबर्ट पर्सन्स. दोघेही ऑक्सफर्डचे नावाजलेले विद्वान, दोघेही येशूसंघीय. कॅम्पियन पकडले गेले. त्यांचा छळ झाला आणि १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये टायबर्न येथे त्यांना फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. पर्सन्स निसटले. कॅम्पियन यांना वधस्थळी नेताना ज्या दोराने बांधले होते तो दोर पर्सन्स यांच्या हाती आला आणि १६१० साली मरेपर्यंत त्यांनी तो कमरेला बांधलेला होता असे सांगतात.

कमरेला तो दोर असलेल्या या माणसानेच ही शाळा काढली. नॉर्मंडीत त्यांनी आधी एक छोटी शाळा चालवून पाहिली होती. ती टिकली नाही, तेव्हा खाडीपलीकडे, त्या वेळी स्पेनच्या अमलाखाली असलेल्या नेदरलंड्समध्ये, सेंट ओमर या गावी त्यांनी नवी सुरुवात केली. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने वर्षासन दिले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पर्सन्स नुसते साधुपुरुष नव्हते, राजकारणातही त्यांचा हात होता. इंग्लंडशी वैर असलेल्या राजाचे पैसे घेतल्यामुळे शाळेवर शत्रूच्या हस्तकांचा शिक्का बसला आणि त्याची किंमत मुलांनी पुढे शंभर वर्षे मोजली.

सेंट ओमर

मुले कशी येत? खोट्या नावांनी. रात्रीच्या गलबतांतून, व्यापाऱ्यांच्या ओळखीने, कधी नोकराच्या वेषात. पकडले गेले तर बापाला दंड आणि मुलाला चौकशी. म्हणून शाळेच्या नोंदींत एकेका मुलाची दोन-दोन नावे आढळतात. काही वर्षांतच मुलांची संख्या शंभराच्या घरात गेली. बहुतेक सारे खानदानी जमीनदारांचे मुलगे होते, हेही खरे. गरीब कॅथलिक शेतकऱ्याला ना दंड परवडत होता, ना प्रवास.

शिकवण्याची पद्धत येशूसंघाची. १५९९ साली संघाने आपल्या सर्व शाळांसाठी अभ्यासक्रमाची एक नियमावली पक्की केली. गोवा असो, रोम असो की सेंट ओमर, चौकट एकच. लॅटिन आणि ग्रीक, वक्तृत्व, वादविवाद, वर्गाचे दोन गट पाडून त्यांच्यात चुरस, आठवड्याची उजळणी. आज आपल्याकडे जी 'हाऊस'ची पद्धत आहे तिच्यामागेही चुरशीची हीच कल्पना दिसते. संगीत आणि नाटक यांना सेंट ओमरमध्ये विशेष मान होता. लॅटिनमधली मोठमोठी नाटके मुले बसवीत. विद्यार्थ्याला चारचौघांत उभे राहून स्वच्छ आवाजात बोलता आले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. या नाट्यप्रेमाची एक खूण अलीकडेच सापडली. २०१४ साली सेंट ओमर गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या पहिल्या संग्रहाची एक दुर्मीळ प्रत मिळाली. सुरुवातीची पाने गेलेली, वापरून जीर्ण झालेली. ती याच शाळेतून आलेली असावी असे अभ्यासक मानतात. ज्या इंग्लंडने या मुलांना हाकलले, त्याचाच नाटककार ती धर्मगुरूंच्या शाळेत वाचत होती!

पण अभ्यास हा या शाळेचा शेवट नव्हता. तिथून कित्येक मुले पुढे धर्मगुरू होऊन, मृत्यूची शिक्षा ठरलेली असताना, इंग्लंडला परत गेली. अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक थॉमस गार्नेट. २३ जून १६०८ रोजी टायबर्न येथे त्यांना फाशी झाली. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली ज्या चाळीस इंग्लिश व वेल्श रक्तसाक्षींना संतपद दिले त्यांत एडमंड कॅम्पियनही आहेत आणि हा विद्यार्थीही आहे.

मुलांची साक्ष

या शाळेच्या इतिहासातील जो प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १६७९ सालचा आहे. त्यात कोणी संत नाही, आहेत ती फक्त शाळकरी मुले.

डिसेंबर १६७७ मध्ये टायटस ओट्स नावाचा एक इंग्रज सेंट ओमरला दाखल झाला. वय अठ्ठाविशीचे, पूर्वी अँग्लिकन पाळक, अनेक ठिकाणांहून हाकललेला. इतर मुलांपेक्षा दुप्पट वयाचा असल्यामुळे जेवणघरात त्याला वेगळ्या लहान टेबलावर बसवीत. त्याला येशूसंघात यायचे होते. प्रांताधिकारी थॉमस व्हिटब्रेड यांनी नकार दिला आणि जून १६७८ मध्ये त्याला शाळेतून काढण्यात आले. ओट्स लंडनला गेला आणि त्याने एक भयंकर कहाणी रचली: कॅथलिक लोक राजा दुसरा चार्ल्स याच्या खुनाचा कट करीत आहेत आणि २४ एप्रिल १६७८ रोजी लंडनमधील एका खानावळीत येशूसंघीयांची जी गुप्त बैठक झाली तिला आपण स्वतः हजर होतो.

लंडन पेटले. अटकसत्र सुरू झाले. जून १६७९ मध्ये व्हिटब्रेड आणि त्यांचे चार सहकारी धर्मगुरू यांच्यावर खटला उभा राहिला. आरोप खोटा ठरवण्याचा मार्ग साधा होता. एप्रिल महिन्यात ओट्स लंडनमध्ये नव्हता, सेंट ओमरला होता. शाळेतील प्रत्येक मुलाने त्याला रोज पाहिले होते. तेव्हा पंधरा-सोळा जण, बहुतेक सारी तरुण पोरे, समुद्र ओलांडून लंडनला आले आणि कोर्टात उभे राहिले. ज्या देशाच्या कायद्याने त्यांचे शिक्षण हाच गुन्हा होता, त्या देशाच्या न्यायाधीशापुढे आपण कोण, कुठे शिकतो हे त्यांनी उघड सांगितले. तो रोज आमच्याबरोबर होता. त्या लहान टेबलावर बसून जेवत होता. अमक्या दिवशी आम्ही त्याच्याशी बोललो. लहान टेबलाचा तपशील पुन्हा पुन्हा येतो. रचलेल्या साक्षीत असे तपशील सहसा नसतात.

कोर्टात हशा पिकला. मुख्य न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले की ही मुले पढवून आणलेली आहेत आणि त्यांच्या धर्मात आपल्या कार्यासाठी खोटे बोलण्याची मुभा असते. पाचही धर्मगुरूंना २० जून १६७९ रोजी फाशी झाली. त्यांच्यापैकी व्हिटब्रेड आणि जॉन गॅव्हन हे या शाळेचेच माजी विद्यार्थी होते. पोप अकरावे पायस यांनी १९२९ साली त्या पाचही जणांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

१६८५ मध्ये पुन्हा खटला झाला, या वेळी ओट्सवर, खोट्या साक्षीबद्दल. सेंट ओमरचे साक्षीदार पुन्हा आले, तीच साक्ष दिली आणि या वेळी कोर्टाने ती खरी मानली. ओट्सला जाहीर फटक्यांची आणि तुरुंगाची शिक्षा झाली. अर्थात तोवर गादीवर कॅथलिक राजा आला होता, हे विसरता येत नाही. आणि तीन-चार वर्षांनी राजा पुन्हा बदलला तेव्हा हाच ओट्स सुटला आणि त्याला पेन्शनही मिळाली! कोर्टाचा कौल वाऱ्याप्रमाणे फिरला. मुलांची साक्ष दोन्ही वेळा एकच होती. पालकांनो, शाळेच्या निकालपत्रकात यासाठी रकाना नसतो.

तीन स्थलांतरे

सेंट ओमर १६७७ मध्ये फ्रान्सच्या ताब्यात गेले होते. पुढे फ्रान्समध्येच येशूसंघाविरुद्ध लाट आली आणि १७६२ साली पॅरिसच्या न्यायसंस्थेने संघाच्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला. शाळेच्या धर्मगुरूंनी ठरवले की इमारत जाईल, मुले जाणार नाहीत. ऑगस्टमध्ये मुले नेहमीच्या सहलीला निघाल्यासारखी तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडली आणि काही वाट पायी, काही कालव्यांतून होडीने, असे करीत सीमेपलीकडच्या ब्रुज शहरात पोचली. सरकारच्या हाती लागली ती रिकामी इमारत.

पण ब्रुजला अकराच वर्षे मिळाली. आणि आता आलेला घाव घरातून आला. युरोपातील राजांच्या दबावाखाली पोप चौदावे क्लेमंट यांनी २१ जुलै १७७३ रोजी येशूसंघच विसर्जित केला. ज्यांच्यासाठी या लोकांनी फाशी सोसली, त्याच पोपमहोदयांच्या सहीने त्यांचा संघ संपला. ऑक्टोबरमध्ये सैनिकांनी ब्रुजची शाळा बंद केली. आपल्यापैकी कुणी असते तर काय केले असते? संतापून ख्रिस्तसभा सोडली असती? की निमूटपणे घरी बसलो असतो? त्या शिक्षकांनी तिसरी वाट धरली. त्यांनी आज्ञा मानली, आता ते येशूसंघीय राहिले नाहीत. आणि साधे धर्मगुरू या नात्याने त्यांनी लिएज येथे तीच शाळा पुन्हा उघडली. तिथला राज्यकर्ता स्वतःच बिशप होता, त्याने आश्रय दिला. १७७८ साली पुढचे पोप सहावे पायस यांनी या शाळेला रीतसर मान्यता दिली.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक जुना प्रश्न आठवतो. गाव बदलले, देश बदलला, इमारत तर दोनदा गेली. आता चालवणारा संघही उरला नाही. मग ही 'तीच' शाळा असे कशाच्या आधारावर म्हणायचे? ॲरिस्टॉटल म्हणतो की कोणतीही वस्तू काय आहे हे नुसते ती कशापासून बनली यावरून कळत नाही. ती कशासाठी आहे, हेही पाहावे लागते. विटा घरालाही लागतात आणि तुरुंगालाही. मुले आपल्या वहीच्या पानाच्या माथ्यावर लॅटिनमधील चार अक्षरे लिहीत: ए. एम. डी. जी. म्हणजे 'देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी'. पान संपले की खाली एल. डी. एस., म्हणजे 'देवाची सदैव स्तुती असो'. संत इग्नेशियस यांच्या परंपरेतील ही रीत. आपल्यापैकी जे येशूसंघीयांच्या शाळांत शिकले त्यांनी ही अक्षरे कुठे ना कुठे पाहिलीच असतील. मधला मजकूर भूमितीचा असो वा व्याकरणाचा, तो कशासाठी लिहिला जात आहे हे पानावरच नोंदलेले असे. लिएजमध्ये 'कशासाठी' बदलले नव्हते.

१७९४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचे सैन्य लिएजवर चालून आले. पुन्हा पेट्या बांधल्या. जुलैमध्ये मुले आणि शिक्षक म्यूझ नदीतून होड्यांनी निघाले, हॉलंडमार्गे समुद्र ओलांडून इंग्लंडच्या हल बंदरात उतरले. तोवर इंग्लंडचे कायदे सैल झाले होते. १७९१ च्या कायद्याने कॅथलिक उपासनेला मोकळीक मिळाली होती. शाळेचा एक माजी विद्यार्थी थॉमस वेल्ड याने लँकशायरमधील आपला स्टोनीहर्स्टचा वाडा शाळेला देऊ केला. बरीच वर्षे न वापरलेला, ओलसर वाडा. शेवटचा टप्पा पायी तुडवून २९ ऑगस्ट १७९४ रोजी मुले तिथे पोचली. दोनशे एक वर्षांनी शाळा मायदेशी आली. कॅथलिकांचा कट्टर वैरी ऑलिव्हर क्रॉमवेल १६४८ च्या एका लढाईच्या आदल्या रात्री याच वाड्यात मुक्कामाला होता आणि चिलखतासह टेबलावर झोपला होता असे सांगतात. ते टेबल आजही शाळेत दाखवतात!

वाड्याच्या मूळ मालकांचे, शेरबर्न घराण्याचे, जुन्या फ्रेंचमधील ब्रीद शाळेने आपलेसे केले. त्याचा अर्थ 'मला शक्य तितके'. या ब्रीदातली नम्रता मला आवडते. 'सर्वोत्तम', 'अव्वल' असली ब्रीदे रंगवणाऱ्या आपल्या काळात तर फारच.

अमेरिकेचा एक धागा

ब्रुज बंद झाली तेव्हा तिथे जॉन कॅरल नावाचे धर्मगुरू होते. मूळचे अमेरिकेतील मेरीलंडचे. तिथेही कॅथलिक शाळांना बंदी असल्यामुळे मुलगा असताना ते सेंट ओमरला शिकायला आले होते. संघ विसर्जित झाल्यावर ते घरी परतले आणि १७८९ साली अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप झाले. त्यांचे चुलत नात्यातील चार्ल्स कॅरल हेही सेंट ओमरचेच. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव कॅथलिक. मात्र याच चार्ल्स कॅरल यांच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते. स्वतः धर्मासाठी अन्याय सोसलेल्या घरातला, उत्तम कॅथलिक शाळेत शिकलेला माणूस दुसऱ्याच्या साखळ्या पाहू शकला नाही. चांगल्या शाळेची मर्यादा इथे दिसते.

स्टोनीहर्स्टच्या रीती

पुढचा काळ त्या मानाने निवांत. १८१४ साली पोप सातवे पायस यांनी येशूसंघाची पुनःस्थापना केली. १८२९ च्या कायद्याने इंग्लंडच्या कॅथलिकांना संसदेचे दार उघडले. शाळेने १८३८ मध्ये वेधशाळा बांधली. तेथील खगोलशास्त्रज्ञ फादर स्टीफन पेरी डिसेंबर १८८९ मध्ये सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेटांवर गेले. आजारी असतानाही त्यांनी निरीक्षण पुरे केले आणि पाच दिवसांनी जहाजावरच त्यांचे निधन झाले. श्रद्धा आणि विज्ञान यांचे वैर असते असे जे आपल्या तरुणांना वाटते, त्यांनी फादर पेरींचे चरित्र जरूर वाचावे. कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांनीही १८८२ ते १८८४ या काळात इथे शिकवले.

काही परंपरा चारशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. वर्गांना पहिली, दुसरी असे आकडे नाहीत. जुन्या अभ्यासक्रमावरून 'व्याकरण', 'वाक्यरचना', 'काव्य', 'वक्तृत्व' अशा अर्थाची नावे आहेत. मूल प्रथम भाषेचे नियम शिकते, मग वाक्य जोडते, मग सौंदर्य ओळखते आणि शेवटी समाजापुढे उभे राहून बोलते. नुसत्या वर्गांच्या नावांत शिक्षणाचा सारा प्रवास सांगितला आहे. १६७९ ची मुले या शेवटच्या पायरीपर्यंत आलेली होती. पवित्र मरियेची सोडॅलिटीही सेंट ओमरपासून चालत आली आहे. आणि कॅम्पियन यांचा तो दोर आज शाळेच्या संग्रहात आहे.

मात्र प्रत्येक परंपरा जपण्यासारखी नसते. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल १८६८ ते १८७५ या काळात या शाळेत आणि तिच्या प्राथमिक विभागात शिकले. आपल्या आठवणींत त्यांनी तिथल्या शिक्षेचे वर्णन केले आहे. बुटाच्या जाड तळव्याएवढा रबराचा तुकडा, दोन्ही हातांवर नऊ-नऊ फटके; त्यानंतर मुलाला दाराची मूठही फिरवता येत नसे. जुन्या नियमावलीनुसार येशूसंघीयाने स्वतः मुलाला मारू नये, त्यासाठी बाहेरचा माणूस नेमावा असे होते. रागाच्या भरात हात उठू नये हा उद्देश चांगला होता, पण मुलाच्या तळहाताला त्याने फारसा फरक पडला नसावा. डॉयल पुढे श्रद्धेपासून दूर गेले. त्याचे कारण म्हणून मात्र ते माराचा उल्लेख करीत नाहीत. एका धर्मगुरूंच्या तोंडून ऐकलेल्या, ख्रिस्तसभेबाहेरच्या प्रत्येकाचा नाश ठरलेला आहे अशा अर्थाच्या वाक्याचा करतात. तिथेच आपल्या मनात पहिली भेग पडली असे ते लिहितात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे शिकवले. फटके विसरले जातात. वर्गात उच्चारलेले एक निष्ठुर वाक्य पन्नास वर्षांनी पुस्तकात उतरते. आपल्या धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. छडीबद्दल तर आता प्रश्नच उरलेला नाही. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. तरीही 'फादर, दोन लगावा पण सुधारा' असे सांगणारे पालक अजून भेटतात.

आपल्याकडे

मुंबई-पुण्याच्या परिसरात मुलांच्या शाळा म्हणून सुरू झालेल्या येशूसंघाच्या जुन्या संस्था आपल्याला ठाऊक आहेत. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चे, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट १८६७ चे, मुंबईचे सेंट झेवियर्स हायस्कूल १८६९ चे. १९४३ साली मुंबईत निघालेल्या शाळेला तर त्याच एडमंड कॅम्पियन यांचे नाव आहे. यांतील जुन्या शाळांच्या उभारणीत जर्मन येशूसंघीयांचा मोठा वाटा होता. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या राजवटीने येशूसंघाला जर्मनीतून घालवले. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथल्या जर्मन धर्मगुरूंना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत ठेवले आणि मायदेशी पाठवले. शाळा एका रात्रीत अनुभवी शिक्षकांना मुकल्या. तरीही त्या चालू राहिल्या. उरलेल्या धर्मगुरूंनी, स्थानिक शिक्षकांनी, नंतर आलेल्या स्पॅनिश येशूसंघीयांनी त्या पुढे नेल्या. ब्रुज आणि लिएज फार दूर नाहीत.

आज आपल्या शाळांपुढचे संकट सैनिकांचे नाही. धर्मगुरू आणि धर्मभगिनी कमी होत आहेत. बहुसंख्य विद्यार्थी, पुष्कळ शिक्षकही, इतर धर्मांचे आहेत. 'मग ही कॅथलिक शाळा कशी?' अशी तक्रार धर्मग्रामसभेत ऐकू येते. माझ्या मते ही तक्रार चुकीच्या टोकाला धरलेली आहे. स्टोनीहर्स्टमध्येही आज मुख्याध्यापकपदी धर्मगुरू नसून प्रापंचिक व्यक्ती असते. १९९९ पासून तिथे सर्व वर्गांत मुलीही शिकतात. म्हणजे चारशे सहा वर्षांनी ती 'मुलांची शाळा' राहिली नाही. आज ती भरमसाट फीची शाळा आहे, हाही मोठा प्रश्न आहे आणि त्याबाबतीत आपल्या साध्या अनुदानित शाळा मला शुभवर्तमानाच्या अधिक जवळ वाटतात. पण वर्गातील इतर धर्मांचा विद्यार्थी हे संकट नव्हे. वहीच्या माथ्यावर अक्षरे लिहिताना ती कशासाठी, हे सांगणारे कोणी उरले नाही तर ते संकट.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा शिक्षणाविषयीचा जाहीरनामा (१९६५) सांगतो की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच आहेत. सेंट ओमरच्या पालकांनी शंभर पौंडांचा दंड पत्करून मुलाला खोट्या नावाने बोटीत बसवले. कित्येकांना तो पुन्हा वर्षानुवर्षे दिसला नाही. आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की सर्वांत आधी बंद होतो तो रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, कारण त्याच वेळी कोचिंग क्लास असतो. यंदा आठवी ते दहावीच्या मुलांसाठी हा वर्ग सकाळच्या मिस्सेनंतर लगेच, पाऊण तासाचा ठेवावा असा विचार आहे. त्या वेळेबाबत ज्या पालकांना अडचण असेल त्यांनी पुढील रविवारपूर्वी कार्यालयात भेटावे. आपण मिळून दुसरी वेळ काढू.